नापासांची शाळा आणि आपले तारण

'तारण' हा शब्द आपल्या लोकांच्या नजरेस दोन ठिकाणी हमखास पडतो. एक आपल्या देवळात आणि दुसरे पतसंस्थेच्या फलकावर. तालुक्याच्या पेठेतून सहज फेरफटका मारला, तरी 'सोने तारण कर्ज' ही पाटी दर दहा-वीस दुकानांआड दिसते. पेरणी तोंडावर आली, मुलीचे लग्न ठरले किंवा घरात आजारपण निघाले की घरधनीण गळ्यातली पोत काढून देते, पेढीवरचा माणूस ती काट्यावर घालतो आणि मगच रक्कम हातात पडते. तेथे तारण म्हणजे आपल्याजवळची अशी मोलाची वस्तू की, जी दुसऱ्याच्या ताब्यात दिल्याखेरीज आपल्यावर कोणी विश्वास ठेवीत नाही. देवळात मात्र तारण म्हणजे प्रभू येशू ख्रिस्ताने केलेली आपली सुटका. शब्द एकच, पण त्याचे दोन अर्थ एकमेकांकडे पाठ करून उभे आहेत. पेढीवर ज्याच्याजवळ काही आहे त्यालाच मिळते. देवळात ज्याच्याजवळ काहीच नाही त्यालाही मिळते, किंबहुना त्यालाच आधी मिळते, असे शुभवर्तमान सांगते.

धर्मगुरू म्हणून निरनिराळ्या धर्मग्रामांत इतकी वर्षे काढल्यावर आमची अशी समजूत झाली आहे की, आपल्यापैकी पुष्कळ भाविक देवळातले तारण पेढीवरच्या तारणाच्या हिशेबाने समजून घेतात. देवाकडे जायचे तर काहीतरी घेऊन गेले पाहिजे. काही ठेवले तर काही मिळेल. दर सप्टेंबरात हरेगावला मतमाउलीच्या यात्रेस जी गर्दी लोटते, तिच्यात आम्हीही असतो. अनवाणी आलेली माणसे, कडेवरची लेकरे, रात्रभर चाललेली भजने यांविषयी आमच्या मनात आदरच आहे, आणि ज्यांनी ती यात्रा केवळ दुरून पाहिली आहे त्यांनी तिला नावे ठेवू नयेत. परंतु 'माउलीने पोराला नोकरी लावली, आता नवस फेडला नाही तर ती काढून घेईल', असे धास्तावून बोलणारी माता भेटली की आम्हांला वाईट वाटते. जी क्रुसाखाली उभी राहिली, तिला आपण वसुलीस येणारी सावकारीण करून ठेवले!

हीच समजूत आजाऱ्याच्या उशाशी भेटते तेव्हा ती अधिक जीवघेणी होते. एका वृद्ध गृहस्थांनी अंथरुणाला खिळल्यावर ख्रिस्तप्रसाद घेण्याचे नाकारले. तारुण्यात दारूपायी त्यांनी पत्नीचा अतोनात छळ केला होता. पुढे दारू सुटली, पत्नी निवर्तली, पापनिवेदन झाले, क्षमाही उच्चारली गेली. या सर्वाला वीस वर्षे लोटली होती. तरी त्यांचे एकच पालुपद: "फादर, माझ्या नावावर काही जमा नाही. कोणत्या तोंडाने घेऊ?" त्यांना आम्ही काय सांगितले ते पुढे येईलच.

संत पौलाने इफिसच्या ख्रिस्ती मंडळीला लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात या प्रश्नाला हात घातला आहे. त्याच्या म्हणण्याचा आशय असा की, आपली सुटका कृपेमुळे झाली आणि ती विश्वासाच्या वाटेने आपल्यापर्यंत पोहोचली. ती आपली कमाई नसून देवाने दिलेली देणगी आहे, म्हणून तिच्याबद्दल कोणी छाती फुगवण्याचे कारण नाही. बहुतेक लोक येथेच थांबतात. परंतु पौल थांबत नाही. लगेच पुढे तो म्हणतो की, चांगली कामे करावीत यासाठीच देवाने आपल्याला नव्याने घडवले आहे. म्हणजे कामे आहेतच. फक्त ती दाराबाहेर रांगेत उभे राहून दाखवायची नाहीत, घरात आल्यावर करायची आहेत. सगळा घोटाळा या क्रमाचा आहे. त्यातून 'कृपा' हा शब्दही आपण झिजवून टाकला आहे. 'साहेबांची कृपा आहे' असे कोणी म्हणाले की वशिला किंवा पाकीट असाच अर्थ आपल्या मनात येतो. ज्या शब्दाचा बाजारात असा उपयोग होतो, तो वेदीवरून उच्चारला तर ऐकणाऱ्याच्या मनात काय उमटत असेल, हा विचार प्रवचनकाराने करावयास हवा.

आम्हांला स्वतःला हा क्रम लोकांपुढे मांडताना सेमिनरीतल्या टिपणांपेक्षा आमच्याच जिल्ह्यातील एका गावाचा अधिक उपयोग झाला आहे. जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले असले, तरी जुन्या पिढीच्या तोंडी अद्याप नगरच आहे. त्या नगर जिल्ह्याच्या पारनेर तालुक्यातले राळेगणसिद्धी. गाव पर्जन्यछायेतले. एके काळी तेथे शेतीपेक्षा हातभट्टीचा धंदा अधिक चाले. 1975 साली किसन बाबुराव हजारे, म्हणजे अण्णा हजारे, सैन्यातली नोकरी सोडून गावी परतले आणि पुढल्या पंधरा वर्षांत त्या गावाचे रूप पालटले, ही हकिगत महाराष्ट्राला पाठ आहे. 1990 साली पद्मश्री आणि 1992 साली पद्मभूषण त्यांना मिळाले ते याच कामाबद्दल. पाझर तलावाची गळती काढणे, नाल्यांना बांध घालणे, उतारावर चर खणणे, झाडे लावणे हे सारे श्रमदानाने झाले. 'बांध घातला म्हणून पाऊस पडत नाही, पण बांध नसेल तर पडलेला पाऊस वाहून जातो', हा दाखला आजवर इतक्या व्यासपीठांवरून दिला गेला आहे की, आम्ही तो केवळ स्पर्श करून सोडून देतो.

येथे एक खुलासा अवश्य आहे. त्या गावाला ख्रिस्ती टिळा लावण्याचा आमचा हेतू नाही. राळेगण हे यादवबाबांचे गाव. अण्णांनी गावी आल्यावर पदरचे पैसे घातले ते यादवबाबांच्या मंदिराच्या जीर्णोद्धारासाठी, आणि त्यांचे वास्तव्यही त्या मंदिरालगतच्या लहानशा खोलीतच राहिले. त्यांना प्रेरणा मिळाली ती स्वामी विवेकानंदांच्या पुस्तकातून. तरीही त्यांच्या जीवनातील एक गोष्ट ख्रिस्ती वाचकाच्या मनाला भिडल्यावाचून राहत नाही. 1965 च्या युद्धात खेमकरण क्षेत्रात त्यांच्या वाहनावर हल्ला झाला, सोबतचे जवान कामी आले आणि ते वाचले. आपण का वाचलो, याला त्यांच्याजवळ स्वतःच्या गुणवत्तेचे उत्तर नव्हते. वाचलेले आयुष्य हे फुकट हाती आलेले आयुष्य आहे, ते आता आपले एकट्याचे नाही, या जाणिवेतून पुढचे सगळे काम निघाले, असे त्यांनी अनेकदा सांगितले आहे. आधी देणगी, मग कष्ट! गावासाठी इतके राबल्यावर जीव वाचला, असा क्रम येथे नाही.

परंतु आम्हांला सर्वांत अधिक सांगायचे आहे ते तेथील शाळेविषयी. संत निळोबाराय विद्यालय असे तिचे नाव. संत निळोबाराय हे शेजारच्याच पिंपळनेरचे. तुकोबांना त्यांनी देहात असताना कधी पाहिले नव्हते. तुकोबांच्या निर्वाणानंतर त्यांनी दृष्टान्त देऊन निळोबांवर अनुग्रह केला, असे वारकरी परंपरा मानते. ज्यांच्या नावामागे अनुग्रहाची कथा आहे, त्यांच्या नावाची शाळा अशी निघावी, हा योगायोग आम्हांला फार गोड वाटतो. कारण ही शाळा महाराष्ट्रात गाजली ती 'नापासांची शाळा' म्हणून. अन्यत्र जी मुले नापास झाली, ज्यांना शाळांनी दाखला हातात देऊन वाटेला लावले, ज्यांच्यापुढे घरच्यांनी हात टेकले, अशांना तेथील वसतिगृहात प्रवेश देण्याची प्रथा पडली. आपल्याकडील नामांकित शाळांत प्रवेशासाठी टक्केवारीची यादी लागते. पन्नाशी गाठलेला पालकही त्या यादीत आपल्या लेकराचे नाव शोधताना घामाघूम होतो. राळेगणला प्रवेशासाठी लागे ती अपयशाची गुणपत्रिका. जी घरात आईच्या ट्रंकेत तळाशी दडवून ठेवायची, तीच तेथे दाखवायची!

विश्वास म्हणजे काय, हे समजण्यास आम्हांला याहून चांगले उदाहरण सापडलेले नाही. तो मुलगा दारात उभा राहून ती गुणपत्रिका पुढे करतो, तेव्हा तो काय करतो? तो कोणतेही शुल्क भरीत नाही. गुणपत्रिका ही काही किमतीची वस्तू नव्हे. रद्दीवालाही तिचे दोन पैसे देणार नाही. तो फक्त दोन गोष्टी मान्य करतो. एक, मी नापास आहे. दोन, हे ठाऊक असूनही येथे मला आत घेतील. पहिली गोष्ट मान्य करणारे पुष्कळ असतात, पण ते घरी कुढत बसतात. दुसरी मान्य करण्यासाठी दारापर्यंत चालत जावे लागते, आणि ते चालत जाणे म्हणजे विश्वास. प्रभूने मंदिरात प्रार्थनेस गेलेल्या परूश्याची आणि जकातदाराची गोष्ट सांगितली, ती हीच. परूशी आपली टक्केवारी घेऊन गेला होता. उपवास इतके, दशमांश इतका. आणि त्याची टक्केवारी खोटी होती असे प्रभू कोठेही म्हणत नाही, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. तो खरोखरच उपवास करीत होता. जकातदाराजवळ छाती बडवण्याखेरीज काही नव्हते, आणि नीतिमान ठरून घरी गेला तो मात्र हाच.

येथे एका नव्या फसगतीचा इशारा द्यावासा वाटतो. कारण अलीकडे प्रार्थनासभांतून ती वाढत चालली आहे. 'विश्वासाने तारण' हे सूत्र हाती आले की लोक विश्वासालाच नाणे करतात. जितका अधिक विश्वास तितकी अधिक कृपा, असे गणित मांडले जाते. एका तरुण आईचे बाळ दीर्घ आजाराने गेले. सांत्वनास आलेल्यांपैकी कोणीतरी तिला सांगितले की, तुझा विश्वास थोडा कमी पडला. ती बाई कित्येक महिने मिस्साला आली नाही. आली तेव्हा तिने आम्हांला विचारले, "किती कमी पडला, फादर?" हा प्रश्न आम्हांला आजही अस्वस्थ करतो. पेढीवरचा काटाच आणून तिच्या दुःखावर ठेवला होता! विश्वास मोजण्याची वस्तू असती, तर तीही एक कमाईच झाली असती आणि पौलाचे सारे म्हणणे फुकट गेले असते. बुडणाऱ्या माणसाने हात वर केला, तर त्याला ओढून काढणारा 'तुझा हात किती इंच वर होता' असे विचारीत नाही. पेत्राचा विश्वास तर लाटांवर दोन पावले टाकताच संपला होता. प्रभूने त्याला धरले ते त्यानंतर.

आता राळेगणचीच दुसरी हकिगत. ऐंशीच्या दशकात गावातील दलित कुटुंबांवर बँकेचे कर्ज थकले होते. फेडणे त्यांच्या आवाक्यात नव्हते. तेव्हा गावकऱ्यांनी त्या कुटुंबांच्या जमिनी श्रमदानाने कसल्या, पीक काढले आणि त्या उत्पन्नातून ते कर्ज फेडले. आपल्या वाचकांना या हकिगतीचे मर्म निराळे समजावून सांगण्याची गरज नाही. नगर जिल्ह्यातील आपल्या बहुसंख्य कुटुंबांचे पणजोबा गावकुसाबाहेर राहत होते, आणि सावकाराच्या वहीत अंगठा उठवण्याचे दुःख त्यांच्या नातवंडांना ऐकून तरी ठाऊक आहे. त्या शेतांत सवर्णांनी नांगर धरावा आणि पीक मात्र दलिताच्या नावावर जावे, ही लहान गोष्ट नव्हे.

राळेगणच्या प्रयोगावर टीका झाली आहे हे आम्ही जाणतो. मदत झाली खरी, पण गावाचे नियम ठरवणारे आणि ते मुकाट पाळणारे यांतले अंतर मिटले का, दलितांना आपल्या चालीरीती गावच्या शिस्तीपुढे बाजूला ठेवाव्या लागल्या का, असे प्रश्न अभ्यासकांनी विचारले आहेत, आणि ते विचारलेच पाहिजेत. कारण उपकार निराळा आणि कृपा निराळी. उपकारकर्ता वरच्या पायरीवर राहतो व घेणाऱ्याला खाली उभे करतो. पुढे आयुष्यभर त्याची मान वाकलेली असावी अशी त्याची अपेक्षा असते. मिशनच्या इतिहासातही अशी मान वाकवणारी मदत कधी झालीच नाही, असे छातीठोकपणे कोण म्हणेल? कृपा करणारा स्वतः खाली उतरतो. फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रात पौल ख्रिस्ताविषयी सांगतो ते हेच: तो वरून धनादेश पाठवून मोकळा झाला नाही, दास होऊन आपल्या मातीत उतरला आणि आपल्याच शेतात घाम गाळून, पुढे रक्त सांडून, आपले देणे फेडले. म्हणूनच त्या कर्जफेडीच्या कथेतील पैशापेक्षा ते परक्याच्या रानात उतरणे आम्हांला अधिक मोलाचे वाटते.

त्या वृद्ध गृहस्थांना आम्ही हीच हकिगत सांगितली. ते हाडाचे शेतकरी. सोसायटीचे कर्ज, नोटिसा, जप्ती या सर्वांतून गेलेले. सांगून झाल्यावर आम्ही विचारले, "दादा, दुसऱ्यांनी कष्ट करून ते कर्ज फेडले. मग बँकेने बेबाकीचा दाखला अर्धा दिला असेल का?" ते म्हणाले, "अर्धा कसा देतील? बाकी निल म्हणजे निल." थोडा वेळ छताकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "पण बायकोचं काय?" हा प्रश्न योग्यच होता आणि त्याला चटकन उत्तर देणे आम्हांला प्रशस्त वाटले नाही. क्षमेने घडलेली गोष्ट न घडलेली होत नाही. तिच्यासाठी मिस्सा करावा असे त्यांनीच सुचवले. थोरल्या मुलीला बोलावून, आईला जो त्रास दिला त्याबद्दल तिची क्षमा मागितली. मुलीने काही न बोलता त्यांचे पाय दाबले. त्या दिवशी त्यांनी ख्रिस्तप्रसाद घेतला.

दारूचा विषय निघाला म्हणून राळेगणच्या खांबाविषयीही बोलले पाहिजे. दारू पिऊन येणाऱ्याला मंदिराजवळच्या खांबाला बांधून मार दिला जाई, हे खुद्द अण्णांनीच जाहीरपणे सांगितले आहे. त्यामागे गावाचे हित होते असे त्यांचे म्हणणे. शहरात बसून त्यावर नाक मुरडणे सोपे आहे. ज्या बायकांच्या घरातली भांडी भट्टीवाल्याकडे गेली होती, त्यांना हा खांब जुलमी वाटला नसेल. आमच्या धर्मग्रामातही, 'फादर, तुम्ही नुसती प्रवचने देता, चार फटके द्या', असे सांगणाऱ्या भगिनी आहेत. तरी आमचा कौल खांबाच्या बाजूने पडत नाही. भयाने हात थांबतो. हाताच्या मागचा माणूस तसाच राहतो, किंवा अधिक चोरटा होतो. संत पौलाने गलतीकरांस पत्र लिहिताना नियमशास्त्राला एक मार्मिक उपमा दिली आहे. ग्रीक घरांत मुलाला हाताला धरून, प्रसंगी दरडावून, शाळेपर्यंत नेणारा एक दास असे. नियमशास्त्र म्हणजे तो दास. त्याचे काम खोटे नव्हे, पण ते शाळेच्या दारापर्यंतच. आत शिकवणारा गुरू वेगळा. एकाच गावात खांबही होता आणि नापासांची शाळाही होती. दोहोंपैकी माणूस कोठे पालटतो, याविषयी आमच्या मनात संदेह नाही.

आपल्या जिल्ह्यात हा विषय निघाला की घरातच दोन पक्ष पडतात, हेही नमूद केले पाहिजे. नगरला अमेरिकन मराठी मिशनचे काम 1831 साली सुरू झाले, कॅथलिक मिशन त्यानंतर बऱ्याच वर्षांनी आले; त्यामुळे एक भाऊ प्रॉटेस्टंट मंडळीत तर दुसरा आपल्याकडे, असे सोयरसंबंध सर्रास आहेत. लग्नाच्या मांडवात जेवणे आटोपली की पाहुण्यांपैकी कोणी तरी म्हणतो, 'तुम्ही कर्मांवर भिस्त ठेवता, आम्ही विश्वासावर.' आपले लोक मग संत याकोबाचे पत्र पुढे करतात. मार्टिन ल्यूथर यांनी 1522 च्या आपल्या जर्मन भाषांतरात रोमकरांस पत्रातील एका वचनात 'केवळ' हा शब्द मुळात नसता घातला, आणि 'केवळ विश्वासाने' हे शब्द नव्या करारात जेथे खरोखर येतात तेथे याकोब त्यांना नकार देतो, हे सांगून आपण वाद जिंकतो. मांडव जिंकून काय मिळते हा प्रश्न वेगळाच. वस्तुतः ट्रेंट येथील धर्मपरिषदेने 1547 साली निःसंदिग्धपणे शिकवले आहे की, माणूस नीतिमान ठरण्याआधी त्याच्यापाशी जे काही असते, मग तो विश्वास असो वा कर्मे, त्यांतले काहीच त्या कृपेची किंमत होऊ शकत नाही. त्याच्याही हजार वर्षे आधी, 529 साली, ऑरेंज येथील परिषदेने संत अगस्तीनची बाजू उचलून धरीत सांगितले होते की, देवाकडे टाकलेले पहिले पाऊलही कृपेनेच पडते. 'कॅथलिक धर्म म्हणजे कर्माने तारण' ही समजूत पाहुण्यांची असेल तर ती चूक आहे, आणि ती आपल्याच लोकांची असेल तर अधिक चूक आहे. 31 ऑक्टोबर 1999 रोजी जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे कॅथलिक चर्च आणि जागतिक ल्यूथरन महासंघ यांनी या विषयावरील संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या, मेथॉडिस्ट मंडळी 2006 साली त्यात सामील झाली. मांडवातल्या पाहुण्यांना हे ठाऊक नसते. आपल्या किती जणांना ठाऊक आहे?

याच जाणिवेपर्यंत स्वतःच्या वाटेने पोहोचलेली एक थोर मराठी स्त्री म्हणजे पंडिता रमाबाई. त्या कॅथलिक नव्हत्या, पण या विषयावर त्यांना वगळून मराठीत लिहिता येणार नाही. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांच्याबरोबर त्यांचे बालपण तीर्थयात्रांत गेले. पुण्य जोडावे म्हणून कुटुंबाने जवळचे होते नव्हते ते दानधर्मात घातले, व्रते केली, उपास केले. आणि 1870 च्या दशकातील दुष्काळात आई, वडील व थोरली बहीण यांचे मृत्यू रमाबाईंनी डोळ्यांनी पाहिले. जमा केलेले पुण्य असे आटलेले पाहिलेल्या मुलीने पुढे 1883 साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. लोक समजतात की कथा येथे संपली. रमाबाई स्वतः तसे समजत नव्हत्या. 1907 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या साक्षीत त्यांनी लिहिले आहे की, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण ख्रिस्त सापडला नव्हता. तो सापडण्यास बाप्तिस्म्यानंतर आणखी आठ वर्षे लागली. त्या अवधीत त्या ख्रिस्ती मतांचे उत्तम ज्ञान असलेल्या विदुषी होत्या, विधवांसाठी शारदासदन चालवीत होत्या. म्हणजे कर्मेही होती आणि विद्याही होती. तरी 1891 च्या सुमारास त्यांना उमगले ते हे की, आपल्याला एखाद्या धर्माची नव्हे, तारकाची गरज आहे, आणि पापी म्हणून जसे आहोत तसेच त्याच्याकडे जाता येते. विशेष हे की, यानंतर त्या हात जोडून बसल्या नाहीत. दौंड तालुक्यातील केडगावचे मुक्तिसदन, दुष्काळात गोळा करून आणलेल्या शेकडो मुली, ग्रीक-हिब्रूवरून केलेले संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर, ही सगळी प्रचंड कामे त्यानंतरची आहेत.

असो. दृढीकरण संस्काराच्या वर्गात दरवर्षी कोणी ना कोणी हुशार मुलगा हमखास विचारतो, 'कृपेनेच होणार असेल तर चांगले वागायचे कशाला?' आम्हांला हा प्रश्न आवडतो, कारण तो पौलालाही विचारला गेला होता आणि रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायाचा आरंभ त्यातूनच झाला आहे. ज्या प्रवचनानंतर हा प्रश्न कोणीच विचारीत नाही, त्या प्रवचनात कृपा पुरती सांगितली गेली नसावी, असे आमचे मत आहे. त्या मुलांना आम्ही राळेगणच्या वसतिगृहातील कडक शिस्तीविषयी सांगतो. पहाटे उठणे, व्यायाम, स्वतःचे काम स्वतः करणे हे तेथे होतेच. परंतु प्रवेश आधी मिळालेला असे. नापास झालेल्या पोराला आत घेऊन नापासच ठेवायचे असते, तर ती शाळा कशाला हवी होती?

गेल्या वर्षी हाच प्रश्न आमच्या धर्मग्राम समितीपुढे निराळ्या वेषात आला. दहावी-बारावीच्या निकालानंतर गुणवंतांना मिस्सानंतर शाल आणि पेन देण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. एका शिक्षिकाबाईंनी सुचवले की, यंदा जी मुले नापास झाली त्यांच्यासाठीही काही करावे. त्यांतला एक मुलगा निकालापासून घराबाहेर पडलेला नव्हता आणि वडील त्याच्याशी बोलत नव्हते. समितीत चांगलीच जुंपली. एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले, "नापासांचे लाड केले तर मग अभ्यास कोण करील?" आम्ही मनात म्हटले, रोमकरांस पत्र, अध्याय सहावा! वाद दोन बैठका चालला. शाल-पेन तसेच चालू ठेवावे, असे ठरले. आमची त्याला हरकत नव्हती, गुणवंतांनीही कष्ट केलेलेच असतात. त्याखेरीज देवळाच्या पडवीत शनिवारी संध्याकाळी वर्ग सुरू करावा, असेही ठरले. गणित आणि इंग्रजी या दोन विषयांचा. शिक्षिकाबाई येतात, एक निवृत्त मास्तर येतात. पहिल्या शनिवारी तीनच मुले आली. तो घराबाहेर न पडणारा मुलगा चौथ्या शनिवारी आला, वडिलांच्या सायकलवर मागे बसून. वडील आत आले नाहीत. वर्ग सुटेपर्यंत फाटकापाशी सायकल धरून उभे होते.